नागपूरची काळी माती बाटलीत उतरवून पाहा

मे महिन्यात बेसा किंवा हुडकेश्वरच्या बाजूला एखाद्या मोकळ्या प्लॉटवर जा. जमिनीला पडलेल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. जुलैत परत गेलात तर ती भेग शोधूनही सापडत नाही; पाय वर येतो आणि चप्पल खाली राहते. माती तीच, फक्त मधे पाऊस पडलेला असतो.

नागपुरात नवीन आलेल्या, प्लॉट घेतलेल्या, गच्चीवर कुंड्या मांडलेल्या किंवा यंदा घरीच गणपती करायचं मनावर घेतलेल्या सगळ्यांना ही माती कधी ना कधी गाठतेच. तिची ओळख करून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. आठ-नऊ रिकाम्या पारदर्शक बाटल्या, चहाची गाळणी, मार्कर, मोबाइलचा टॉर्च, मीठ, तुरटी, धुण्याचा सोडा आणि पानठेल्यावर मिळते ती चुन्याची डबी, एवढं पुरे. एक वस्तू मात्र विकत आणा: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, चार-पाच लिटर. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने हा प्रयोग फसतो. का फसतो, ते पुढे येईलच.

माती घेताना

वरची दोन-चार बोटं माती बाजूला करून वीतभर खोलीवरची घ्या. बांधकामाचा विचार असेल तर तीन-चार फुटांवरचीही वेगळी घ्या, कारण वर बऱ्याचदा कुणीतरी टाकलेला मलबा किंवा मुरूम असतो आणि खरी काळी त्याखाली बसलेली असते. माती सावलीत वाळवा. घाई करून तव्यावर भाजू नका. चिकणमाती फार तापली की तिचा स्वभावच बदलतो. वीट पाण्यात विरघळत नाही ती त्यामुळेच.

वाळलेल्या ढेकळात पांढरे, वेडेवाकडे गोटे दिसतील. ती चुनखडी. तिच्यावर लिंबू पिळा, बारीक फेस येतो. गोटे, मुळं, खडे काढून टाका, ढेकळं लाटण्याने फोडा आणि गाळणीतून चाळून घ्या.

बाटलीआधी हातानेच एकदा बघा. मूठभर मातीत थोडं थोडं पाणी घालून कणकेसारखी मळा आणि फरशीवर तिची वळकटी करा. शेवयांपेक्षा जरा जाड, म्हणजे तीन मिलिमीटरची वळकटी न तुटता होत असेल तर चिकणमाती भरपूर आहे. अंगठा आणि तर्जनीत दाबून पट्टी काढा. ती पाच सेंटीमीटरच्या पुढे न तुटता लोंबत राहिली तर माती भारी, म्हणजे चिकणमातीने भरलेली, समजायची. रेताड जमिनीची पट्टी निघतच नाही.

पहिली बाटली: मातीत काय किती

लिटरच्या बाटलीत तीन-चार बोटं चाळलेली माती, चमचाभर धुण्याचा सोडा आणि गळ्यापर्यंत डिस्टिल्ड पाणी घाला. रात्रभर भिजू द्या. सकाळी पाच मिनिटं जोरात हलवा, सपाट जागी ठेवा आणि घड्याळ लावा.

रेती लगेच बसते. दहा सेंटीमीटर खाली यायला तिच्या बारीकात बारीक कणाला पाऊण मिनिटाच्या आतबाहेर लागतं. मिनिटभराने तळाच्या थराला मार्करने खूण करा. त्यानंतर पोयटा बसतो, म्हणजे मैद्यासारखा गाळ. आपल्याकडच्या तापमानाला तेवढंच अंतर उतरायला त्याच्या सर्वांत बारीक कणाला सहा-सात तास लागतात. संध्याकाळी दुसरी खूण करा. वर जे गढूळ उरतं ती चिकणमाती: ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक कण. ते उद्या बसत नाहीत आणि परवाही नाहीत. कण निम्म्याने बारीक झाला की बसण्याचा वेग चौपट कमी होतो, त्यामुळे हिशेब झपाट्याने तासांवरून आठवड्यांवर जातो.

आता पडदे ओढा आणि बाटलीच्या एका बाजूने टॉर्च मारा. दुधाळ झोत आरपार दिसतो. साखरेच्या पाण्यातून असा झोत दिसत नाही, कारण साखर विरघळलेली असते. इथे काहीच विरघळलेलं नाही, नुसतं तरंगतंय. न विरघळलेले आणि तरी खाली न बसणारे असे बारीक कण ज्यात पसरलेले असतात, त्याला कलिल म्हणतात. दूध कलिलच, शाईही बहुतेक वेळा कलिल असते. तर्री मात्र नाही. तिचे थेंब एकमेकांत मिसळून तेल वर येतं, आणि ते यावं म्हणूनच आपण ती खातो. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये या प्रकाराला नाव दिलं ते ग्रीक भाषेतल्या डिंकाच्या शब्दावरून.

कण बसत का नाहीत

इथे जरा रेंगाळू या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

नागपूरच्या पश्चिमेला लाव्हाचा खडक आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. सीताबर्डीचा किल्ला त्याच काळ्या खडकाच्या टेकडीवर उभा आहे. हा खडक कोकणातल्या धो-धो पावसात झिजला तेव्हा त्यातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका बरंचसं वाहून गेलं आणि तांबडा जांभा उरला. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक, म्हणून ते जागीच राहिलं आणि त्यातून मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज तयार झालं. काळ्या मातीचे सगळे नखरे याचे.

त्याचा कण गोळीसारखा नसतो. पत्त्यांच्या कॅटसारखे पापुद्रे एकावर एक असतात आणि एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे सुटे करून अंथरले तर ७०० ते ८०० चौरस मीटर जागा लागेल. बॅडमिंटनची नऊ कोर्टं, एका ग्रॅमात. शाडू किंवा चिनी मातीच्या जातकुळीतलं केओलिनाइट ग्रॅमला १०-२० चौरस मीटरवर थांबतं.

दुसरी गोष्ट विजेची. पापुद्र्याच्या आत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. त्यामुळे धन भार कमी पडतो आणि सगळा पापुद्रा ऋण भाराचा होतो. सगळेच ऋण, म्हणून सगळे एकमेकांना ढकलतात आणि पाण्यात तरंगत राहतात. ही उणीव भरून काढायला पापुद्र्यांच्या मधे सोडियम, कॅल्शियम असे धन भाराचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, येऊन बसतात. मधे कोण बसलाय, यावर माती कशी वागेल ते ठरतं. पापुद्रे बदलता येत नाहीत, मधला पाहुणा बदलता येतो, आणि तोही दहा-वीस रुपयांत.

चार बाटल्यांचा खेळ

अर्धा लिटरच्या चार बाटल्यांत डिस्टिल्ड पाणी आणि प्रत्येकी चमचाभर चाळलेली माती घाला. हलवून दोन-तीन तास ठेवा आणि वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या चार बाटल्यांत ओतून घ्या. तळाचा गाळ नको. मग पहिलीत चमचाभर मीठ, दुसरीत हरभऱ्याएवढा चुना पाण्यात कालवून, तिसरीत चिमूटभर तुरटीची पूड, चौथीत चिमूटभर धुण्याचा सोडा. नावं लिहा, नाहीतर तासाभराने सगळ्या सारख्याच वाटतात. हलवून ठेवा.

तुरटीच्या बाटलीत काही मिनिटांतच दह्यासारख्या कण्या दिसू लागतात आणि सावकाश खाली उतरतात. चुन्याचीही निवळायला लागते. मिठाची निवळते, पण तिथे मीठ किती घातलंय ते बघा: चमचाभर, आणि तुरटी चिमूटभर. आयनावर भार जेवढा जास्त, तेवढा तो कमी प्रमाणात काम उरकतो. सोडियमवर एक, कॅल्शियमवर दोन, ॲल्युमिनियमवर तीन. हा भेद साध्या दुप्पट-तिपटीचा नाही. ठोकताळ्याने कॅल्शियम सोडियमच्या काही दहापट, तर ॲल्युमिनियम काही शेकडापट प्रभावी ठरतं. शुल्झ आणि हार्डी या दोघांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

सोड्याची बाटली मात्र गढूळच राहते. सोडियम तर मिठातही आहे, मग असं का? सोड्यातलं कार्बोनेट पाण्यातल्या कॅल्शियमला पकडून बाजूला बसवतं आणि पापुद्र्यांच्या कडांवर जो थोडाफार धन भार असतो तोही घालवतं. एकमेकांना धरायला काहीच उरत नाही. सुरुवातीच्या लिटरच्या बाटलीत माती नीट सुटी व्हावी म्हणून आपण सोडा घातला होता, त्याचं कारण हेच.

आता डिस्टिल्ड पाण्याचा हट्ट कशाला, तेही कळेल. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम न विचारता मधे पडतं आणि चारही बाटल्या निवळू लागतात. याच्या उलट पावसाच्या पाण्यात आयन जवळपास नसतात, म्हणून पावसाने भरलेलं शेततळं दिवाळीपर्यंत चहाच्या रंगाचं राहू शकतं.

पावसाळ्यात कन्हान नदीचं पाणी लालसर-काळपट होऊन वाहतं आणि तरी नळाला स्वच्छ पाणी येतं, ते याच तिसऱ्या बाटलीच्या मोठ्या आवृत्तीमुळे. जलशुद्धीकरण केंद्रात रोज ओळीने भांडी मांडून प्रत्येकात तुरटीचं प्रमाण थोडं थोडं वाढवत बघतात आणि सर्वांत कमी मात्रेत जे भांडं निवळेल ते धरतात. लिटरला काही दहा मिलिग्रॅम, एवढीच मात्रा असते. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या बाटलीत आपण तुरटी ढीगभर जास्त घातली आहे, ते पाणी पिऊ नका. घरी हंड्यात तुरटी फिरवणार असाल तर दोन-चार फेरे पुरे. आणि तुरटीने पाणी निवळतं, सगळे जंतू मरत नाहीत. नंतर उकळायचं ते उकळायचंच.

तुरटीच्या याच कण्यांना फ्लोराइडही चिकटतं. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, विकसित केली. संस्थेचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, काम कोणालाच नाही.

फुगते किती

प्लॉटवाल्यांनी ही चाचणी टाळू नये. बांधकामाच्या प्रयोगशाळेत ती भारतीय मानकाप्रमाणे करतात, पण तुलनेपुरती घरीही होते. खुणांचे १०० मिलिलिटरचे दोन नळकांडे घ्या, शाळेच्या सामानाच्या दुकानात प्लास्टिकचे मिळतात. मैद्याच्या चाळणीतून काढलेली १०-१० ग्रॅम कोरडी माती दोन्हींत घाला. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल आता सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घरगुती तुलनेला चालतं, फक्त गॅसपासून लांब ठेवा. काडीने ढवळून हवा काढा आणि २४ तास हात लावू नका.

पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं, रॉकेल शिरत नाही. म्हणून रॉकेलमधली माती फुगत नाही, ती आपली मोजपट्टी. पाण्यातल्या घनफळातून रॉकेलमधलं वजा करा, रॉकेलमधल्याने भागा, शंभराने गुणा. ५० टक्क्यांच्या आत आलं तर फुगवटा कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, त्यापुढे फारच जास्त.

माझ्या प्लॉटची माती रॉकेलमध्ये ११ मिलिलिटर आणि पाण्यात २१. म्हणजे सुमारे ९१ टक्के, कागदावर "मध्यम". ही चाचणी मी केली ती भिंत फाटल्यावर. आधी करायला हवी होती. ठेकेदाराने एप्रिलमध्ये, जमीन करकरीत वाळलेली असताना, दोन फूट खोदून कुंपणभिंत उभी केली. पहिल्या पावसाळ्यात फाटक लागेनासं झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात कोपऱ्यातल्या तिरक्या फटीतून काडेपेटी आरपार जायला लागली. मिस्त्रीला बोलावलं, त्याने फटीत करणी घालून बघितली आणि म्हणाला, "कायी माती हाय भाऊ, फुगनारच ना. घर भारी रायते, दबून बसते. भित हलकी, तिले माती उचलून फेकते." एका वाक्यात त्याने मला जे सांगितलं ते मी आधी नकाशा मंजूर करताना कोणाकडून ऐकलं नव्हतं.

मिस्त्रीचं बरोबर आहे. फुगणारी माती खालून वर रेटते, आणि कमी वजनाच्या बांधकामाचं आधी नुकसान होतं: कुंपण, पोर्चची फरशी, गेटचा खांब, बाहेरचा संडास. म्हणून क्रम असा ठेवा. आधी खड्डा घेऊन काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो ते बघा. तीन-चार फुटांत मुरूम लागत असेल तर पाया सरळ त्यावर न्या. काळी खोल असेल तर अभियंता बहुधा बल्ब असलेले पाइल, म्हणजे खालच्या टोकाला फुगीर असे जमिनीत उतरवलेले खांब, सुचवेल. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्याखाली ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. ते महाग वाटतात, पण फाटलेलं घर त्याहून महाग. प्लिंथमध्ये (जोत्यात) आणि फरशीखाली खोदलेली काळी माती परत भरू देऊ नका. ठेकेदार भरतो, कारण ती जागेवरच पडलेली असते आणि उचलून न्यायला ट्रक लागतो. मुरूम आणून थराथराने पाणी मारून कुटून घ्या. छपराचं पाणी पायाजवळ सोडू नका, घराभोवती उताराची पट्टी करा, मोठं झाड भिंतीलगत लावू नका. या सगळ्यामागे हेतू एकच, पायाखालची ओल वर्षभर सारखी राहावी.

कच्च्या रस्त्यासाठी किंवा पार्किंगसाठी काळ्या मातीत चुना मिसळतात, वजनाच्या ३ ते ६ टक्के. दुसऱ्या बाटलीत जे झालं तेच इथेही होतं: पापुद्र्यांच्या मधे कॅल्शियम बसतं, फुगणं कमी होतं, आणि पुढे काही महिन्यांत चुना-मातीचा पक्का बंधही धरतो.

बाग आणि कुंड्या

कुंडीत निव्वळ काळी माती भरू नका. वरून ती दगडासारखी आकसते आणि कडेने फट पडून पाणी सरळ खालच्या बशीत जातं. एक भाग काळी, एक भाग जाड रेती, एक भाग कुजलेलं शेणखत, हे माझं प्रमाण. सेंद्रिय खतातले कलिल चिकणमातीच्या कणांना बांधून रवाळ करतात, ते काम एकट्या रेतीने होत नाही.

काळ्या मातीत कधी हात घालायचा, यासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस झाल्यावर मूठभर माती घेऊन दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. चपटी होऊन बसली तर ओली आहे, परत जा. लाडू वळला आणि पडल्यावर फुटला तर वाफसा आला. लाडूच वळला नाही तर उशीर झाला. ओलीत कुदळ मारली की पापुद्रे एकमेकांवर घसरून दाबले जातात आणि वाळल्यावर जे ढेकूळ होतं ते घणाने फोडावं लागतं.

काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग घ्यायची असेल तर माती किती खोल आहे ते आधी बघा. फार खोल काळीत पाणी साचतं, मुळं गुदमरून सडतात, आणि बहार धरायला बागेला ताण द्यायचा, म्हणजे काही काळ पाणी तोडायचं, म्हटलं तर माती इतकी ओल धरून बसलेली असते की ताण बसतच नाही. मध्यम खोल आणि खाली निचरा होणारा मुरूम असलेली जमीन संत्र्याला मानवते. जमिनींचे प्रकार नीट समजून घ्यायचे असतील तर अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय ब्यूरो आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, पापुद्र्यांच्या मधे सोडियम जास्त बसलेलं आहे. तुमची माती तशी आहे का, हे पाहायला वाळलेलं चण्याएवढं ढेकूळ डिस्टिल्ड पाण्याच्या बशीत अलगद ठेवा, हलवू नका. नुसतं भुगा होऊन बसलं तर चिंता नाही. भोवती दुधाळ वलय पसरलं तर सोडियमचा संशय घ्या आणि माती परीक्षण करून घ्या. त्यावर जिप्सम देतात: त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि मोकळं झालेलं सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जातं. पण पाण्याला जायला वाट हवी. निचरा केला नाही तर जिप्समचे पैसे वाया.

गणपतीची माती

दहा सेंटीमीटरच्या दोन सारख्या पट्ट्या करा, एक काळ्या मातीची, एक शाडूची. सावलीत पूर्ण वाळू द्या आणि मोजा. माझी काळी साडेआठवर आली आणि मधून तडकली. शाडूची थोडीच आकसली आणि सरळ राहिली. मूर्तीला शाडू का, याचं उत्तर पट्टीवर आलं.

काळ्या मातीचीच मूर्ती करायची हौस असेल तर तिच्यात पिंजलेला कापूस किंवा भिजवून कुटलेला कागद मळा, आतून पोकळ ठेवा, कुठेही जाडी बोटापेक्षा जास्त नको, आणि पहिले दोन दिवस ओल्या फडक्याखाली वाळवा. कूलरसमोर ठेवू नका. एक बाजू आधी आकसते आणि सोंड निखळते. मळलेला गोळा दोन दिवस झाकून ठेवला की जास्त ऐकतो, कारण तोवर पाणी सगळ्या पापुद्र्यांत सारखं पोचलेलं असतं.

बाटल्या रिकाम्या करताना बेसिनमध्ये ओतू नका, खालच्या वळणात गाळ बसून पाणी तुंबतं. टर्पेंटाइनचं नळकांडं सोडून बाकीचं बाहेर अंगणात, झाडांपासून दूर ओता. मीठ आणि सोडा मुळांना चालत नाही. सोड्याची चौथी बाटली मात्र झाकण लावून खिडकीत ठेवा. माझी गेल्या पंधरवड्यापासून तिथेच आहे, आणि आज सकाळीही तिच्या पलीकडची जाळी दिसत नव्हती.